हात न लावलेली धून

मित्रांनो, मी मिरच्या भाजायची एक जुनी विजेची भट्टी आहे. आकाराने दुधाच्या किटलीएवढी. बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत मातीची नळी, नळीभोवती तारेची वेटोळी आणि वर लाकडी मुठीचं झाकण. एका वेळी माझ्यात तीनच मिरच्या मावतात. वीतभर लांबीच्या लालभडक गोड मिरच्या उभ्या सोडायच्या, झाकण लावायचं आणि शंभर आकडे मोजून बाहेर काढायच्या. साल अलगद हातात येते. सप्टेंबर लागला की आमच्या द्र्यानोवो गावात प्रत्येक बाल्कनीतून हाच वास येतो आणि हिवाळ्यासाठी ल्युतेनित्साच्या बरण्या भरायची घाई उडते. ही लाल चटणी घरात नसेल, तर आमच्याकडे हिवाळा कोणी सुरू होऊ देत नाही.

मला वेनेताने आणलं. ती कापडगिरणीत कामाला होती. जिभेने तिखट, पण हाताने फार जपणारी. तिचा धाकटा भाऊ नेद्यालको तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच वर्षी ‘दूरच्या दिव्याकडे’ नावाचा सिनेमा आला. त्यात सात माणसं रुपेरी यानात बसून एका ताऱ्याकडे निघतात. यान जमीन सोडतं तेव्हा एक धून वाजते. एक मिनिट दहा सेकंदांची. ती ऐकली की मान आपोआप वर जाते. नेद्यालकोने तो सिनेमा अकरा वेळा पाहिला. मी पाहिला नव्हता, पण ती धून मी त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकली की मिरच्या भाजतानाही ती माझ्या पत्र्यात घुमत असायची.

नेद्यालको मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करू लागला, पण ते यान काही त्याच्या डोक्यातून उतरलं नाही. चाळिशी उलटल्यावर त्याने स्वतःचा सिनेमा काढायचं ठरवलं. त्याच सिनेमाची टर उडवणारा, पण जीव ओवाळून टाकणारा. नाव ठेवलं, ‘जवळच्या दिव्याकडे’. त्यात कप्तान ताऱ्याकडे निघायला तयार असतो, उलटी मोजणी दोनवर येते आणि बरोबर तेव्हाच त्याची बहीण बाल्कनीतून हाक मारते, की आधी चटणी ढवळायला ये. बिचारा कप्तान सहा वर्षं गावातच अडकून पडतो.

आणि यान कोण, ठाऊक आहे? मी. नेद्यालकोने मला आडवं केलं, दोन्ही बाजूंना दोन चमचे बांधून पंख केले आणि दोऱ्याने टांगलं. वीज लावली की माझी नळी आतून लाल व्हायची. तेच माझं इंजिन.

पण सप्टेंबर आला की वेनेता तरातरा यायची, पंख तोडून मला घेऊन जायची आणि वर म्हणायची की अवकाश कुठे पळून जात नाही, मिरच्या मात्र सडतात. दरवर्षी हेच. मिरच्यांचा मोसम संपला की नेद्यालको नवे पंख बांधायचा आणि दरवर्षी हाताला लागेल ते बांधायचा. म्हणून सिनेमात माझे पंख सारखे बदलतात. कधी चमचे, कधी उलथणी, शेवटी जेवायचे काटे. नेद्यालकोला ही चूक लक्षात आली तेव्हा फार उशीर झाला होता. पण लोक नेमके तिथेच पोट धरून हसले.

मी स्वतःला पहिल्यांदा पडद्यावर पाहिलं तो दिवस मी विसरणार नाही. पडदा म्हणजे नेद्यालकोच्या खोलीतली भिंत. काळ्या आकाशात मी तरंगत होते. माझ्या अंगावर एक पोचा आहे, एकदा वेनेताच्या हातून पडल्याचा. भिंतीवर तो एवढा मोठा दिसत होता की त्यात डोंगर मावला असता. ही मीच का, असं मला वाटत राहिलं. त्यातच मी जमीन सोडली आणि ती धून सुरू झाली. मला काही सुचेनासं झालं.

मित्रांनो, घोळ झाला तो इथेच. नेद्यालकोने सिनेमाची छोटी झलक इंटरनेटवर टाकली. मूळ सिनेमाच्या मालकांनी ती पाहिली आणि कळवलं की गोष्ट वेगळी आहे, विनोद तुमचा आहे, खुशाल हसा, फक्त आमचं नाव लावू नका. नेद्यालको हवेत तरंगायला लागला. गावच्या वाचनालयाच्या सभागृहात शनिवारी दुपारी खेळ ठरला. पण लगेचच राजधानी सोफियाहून दुसरं पत्र आलं, हाताने लिहिलेलं. धून जिने रचली त्या एव्दोकियाबाईंचं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. माझी धून तुम्ही न विचारता अख्खी वापरली आहे. ती काढल्याशिवाय सिनेमा दाखवू नये.

नेद्यालकोने पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्याने सगळ्याची टर उडवली होती, फक्त या धुनेची नाही. तिला हात लावायची त्याची छाती झाली नव्हती. म्हणून मूळ तबकडीवरून जशीच्या तशी उतरवली होती. भक्ती म्हणून केलं आणि चोरी ठरली. धून काढली तर सिनेमाचा प्राण जातो, ठेवली तर सिनेमा डब्यात. सहा वर्षांचं काम होतं ते.

वेनेताने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. ती म्हणाली, “सहा वर्षं त्या ताऱ्याकडे डोळे लावून बसलास. एक पत्र टाकायला तुझा हात मोडला होता का रे?” मग तिने शनिवारचा खेळ पुढे ढकलायला लावला, तीन बरण्या बांधून दिल्या, मला टॉवेलात गुंडाळलं आणि आम्हां दोघांना सोफियाच्या गाडीत बसवून दिलं.

एव्दोकियाबाईंचं घर लहान होतं. निम्मी खोली पियानोने अडवली होती. बाईंनी सबंध सिनेमा पाहिला. काट्यांच्या पंखांवर त्या एकदा फसकन हसल्यासुद्धा. धून सुरू झाली तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटले. सिनेमा संपल्यावर त्यांनी विचारलं, “तुम्ही कप्तानाची टर उडवलीत, यानाची उडवलीत. मला का सोडलंत?”

नेद्यालको खाली मान घालून म्हणाला, “बाई, त्या धुनेवर मला हसताच येत नाही.”

“तीच तर अडचण आहे. ज्याची मोडतोड केलीत, ते तुमचं झालं. जिला हात लावला नाहीत, ती माझीच राहिली. आणि माझी वस्तू तुम्ही उचलून नेलीत.”

मग बाईंनी सांगितलं की ती धून एका बिस्किटवाल्याने घेतली, लग्नाच्या बँडवाल्यांनी घेतली, फोनच्या दुकानाने घेतली. विचारलं कोणीच नाही. प्रत्येक जण म्हणायचा, फार आवडली म्हणून घेतली. “आवडत्या माणसाच्या घरात दार न वाजवता कोणी शिरतं का?” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण मला माझ्या पत्र्याची लाज वाटली. इतकी वर्षं ती धून मी फुकट अंगावर वागवली होती.

परवानगी त्यांनी दिली नाही. नेद्यालकोने मागितलीही नाही. त्याने फक्त माफी मागितली. पण आम्ही निघताना बाई म्हणाल्या, हिला एकदा वीज लावा. मला पियानोवर ठेवलं. तार तापू लागली, माझा नेहमीचा गुं गुं आवाज सुरू झाला, पत्रा टक टक वाजू लागला. बाईंनी कान माझ्याजवळ आणला. एवढ्या मोठ्या बाईंनी माझ्याकडे कान दिला, मित्रांनो. इतकी वर्षं मी गुणगुणते आहे, पण हा आवाज आहे हे मलाही माहीत नव्हतं. “हा आवाज कोणाचाच नाही,” त्या म्हणाल्या. “हा घ्या.”

दोन महिने नेद्यालको माझ्यासमोर ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बसला. माझं गुणगुणणं, बरण्यांच्या झाकणांचे आवाज, लिफ्टच्या दोरांची करकर, यांतून त्याने संगीत केलं. सबंध सिनेमाला ते बसलं. फक्त यान उडतं तिथे काही बसेना. तिथे दुसरं काही वाजवणं त्याला जमलं नाही. शेवटी ती जागा त्याने रिकामी ठेवली. एक मिनिट दहा सेकंद नुसती शांतता.

खेळाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. मला मंचावर टेबलावर ठेवलं होतं. बोलावलं होतं म्हणून एव्दोकियाबाई आल्या आणि पहिल्या रांगेत वेनेताशेजारी बसल्या. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग शेवट आला. चटणीची शेवटची बरणी बंद झाली, कप्तान मोकळा झाला आणि पडद्यावर काट्यांच्या पंखांनी मी जमीन सोडली. आवाज नाही. सगळ्यांच्या माना वर गेल्या.

तेवढ्यात वेनेता गुणगुणायला लागली. सूर साफ चुकलेला होता. मागच्या रांगेतून कोणीतरी तो सावरला. मग आणखी चार जण, मग सगळी रांग. ज्यांनी लहानपणी तो सिनेमा पाहिला होता ते सगळे, तोंड मिटून, तीच धून गाऊ लागले. तीनशे माणसांचा तो आवाज माझ्या पत्र्यातून, नळीतून, तारेतून गेला. वीज लावलेली नव्हती, तरी मी थरथरत होते. एवढं मोठं काही मी त्याआधी अनुभवलं नव्हतं आणि नंतरही नाही.

नेद्यालकोचा मात्र चेहरा पांढरा पडला. तो हात हलवत, लोकांना गप्प करत पुढे धावला आणि बाईंपाशी वाकला. “बाई, मी यांना सांगितलं नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं सांगितलं.”

बाईंचे गाल ओले होते. त्यांनी त्याची बाही धरून त्याला शेजारी बसवलं.

“गाऊ द्या. त्यांना मी परवानगी दिली आहे.”

“कधी दिलीत?”

“आत्ता.”

त्या सिनेमात ती जागा आजही रिकामीच आहे. जिथे जिथे तो दाखवतात, तिथे तिथे माणसं ती आपणहून भरतात. सुरुवातीला पडद्यावर बाईंचं नाव येतं, नेद्यालकोच्या नावाच्या आधी.

मित्रांनो, आता मी वाचनालयाच्या कपाटात असते. माझी तार दोनदा बदलून झाली आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की एखादी वस्तू जीव जडावा इतकी आवडली, तर तिच्या धन्याचं दार आधी वाजवा. ते उघडेल किंवा उघडणार नाही, पण वाजवा. आणि माझ्यासारखी जुनी भट्टी घरात असेल तर वापरण्याआधी तिची नळी झटका, नाहीतर मिरचीला करपट वास लागतो. वेनेता हे कधी विसरत नाही. दर सप्टेंबरात ती किल्ली घेऊन येते आणि मला घरी नेते. माझे पंख मात्र ती आता काढत नाही. मी पंखांसकट मिरच्या भाजते.