कुणाच्या हाकेला यायचं

आमची नॅन भाषेच्या वर्गात कधी पाऊल टाकायची नाही. दर मंगळवारी शाळा सुटली की मी तिला आणि ताहलियाला घेऊन नदीकाठच्या फुटबॉल क्लबच्या हॉलवर जायचे. नॅन गाडीतच बसून राहायची, काचा वर, दारं बंद. उकाड्यात शिजली तरी बेहत्तर.

"अगं, निदान चहाला तरी ये आत," मी म्हणायचे.

"नको मला. आणि त्या पोरीच्या डोक्यात काय भरताय तेही सांगू नका. आपली भाषा चारचौघांत बोलायची नसते, डेनीज. कितीदा सांगायचं?"

नॅन म्हणजे माझी आजी, डल्सी. तिला विराजुरी, म्हणजे आमच्या जमातीची भाषा, येते हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून एक शब्द कुणी ऐकला नव्हता. मला तिचा रागच यायचा. वर्ग घेणारा अंकल लायल बिचारा जुन्या टेपा ऐकून ऐकून एकेक शब्द गोळा करत होता, आणि ही बाई बाहेर मूग गिळून बसलेली.

ताहलिया माझ्या बहिणीची मुलगी, पाच वर्षांची. बहीण नशा सोडवायला सिडनीत भरती होती. पोर आमच्याकडे होती, पण कायमची राहणार की नाही ते वेल्फेअर, म्हणजे मुलांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, ठरवणार होतं. आमचं प्रकरण हेदर नावाच्या बाईकडे होतं. वाईट नव्हती हो ती, उलट फारच चांगली. मोठ्यांच्या वर्गात तिने स्वतःहून नाव घातलं होतं, आणि तिचे उच्चार माझ्यापेक्षा स्वच्छ होते. तरी ती घरी येणार म्हटलं की मी फ्रिज भरायचे, चादरी बदलायचे. आमच्यात, आदिवासींत, प्रत्येक बाई हेच करते.

त्या मंगळवारी हॉल तापला होता, म्हणून अंकल लायलने मुलांना बाहेर निलगिरीच्या झाडाखाली खेळायला घेतलं. खेळ साधाच. आमच्या भाषेत 'बस' म्हटलं की बसायचं, 'लप' म्हटलं की लपायचं, 'ये' म्हटलं की यायचं. इंग्रजीत सांगितलं तर जुमानायचं नाही, जुमानेल तो बाद. पोरं या खेळावर जीव टाकायची.

तेवढ्यात सरकारी पाटीची पांढरी गाडी फाटकातून आत वळली. हेदर आली होती, न सांगता.

मी हात पुसत पुढे होते, तोच मागून एक आरोळी आली. ती नॅनची आहे हे मला आधी कळलंच नाही. गाडीची काच खाली, नॅन कमरेपर्यंत बाहेर, आणि तोंडात आमची भाषा. ते शब्द मी इथे लिहिणार नाही. लपा, पाण्याकडे पळा, हूं की चूं करू नका, असा त्यांचा अर्थ होता.

आणि पोरं लपली. खेळच ना तो! सगळी थेट नदीकडे पळाली, पाणकणसांत शिरली, आणि अंगण रिकामं झालं.

आदल्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. मरम्बिजी नदी काठोकाठ भरून ओंडके घेऊन चालली होती. "थांबा!" मी इंग्रजीत ओरडले. कोण थांबतंय? बाद कुणाला व्हायचं होतं?

अंकल लायल 'ये, ये' करत खालच्या अंगाला धावला. एकेक पोर चिखलाने माखून, खिदळत बाहेर आलं. ताहलिया आली नाही.

मी वरच्या अंगाला पळत सुटले, तिचं नाव घेऊन किंचाळत. हवा होता तो एक शब्द मला भीतीने आठवेचना. पाण्यात काही लाल दिसलं, मी तिकडे झेपावले. पिशवी होती. मनात एकच घोकणं चाललं होतं: पोर बुडाली, आणि बुडाली नसली तरी आपल्या हातची गेली, कारण हेदर सगळं बघतेय.

मग मागून तो शब्द आला. 'ये.' शांतपणे, गोड आवाजात, लायलने शिकवला होता तसा.

हेदर काठाशी उकिडवी बसली होती, हात पुढे करून. तिच्या समोरची पाणकणसं हलली. ताहलिया मांड्यांपर्यंत भिजून बाहेर आली आणि तिने हेदरचा हात धरला.

पोर जिवंत होती. मी रडायला हवं होतं, हसायला हवं होतं. पण मला नुसती थंडी भरली. वेल्फेअरने आमच्या शब्दांत हाक मारली, आणि आमची पोर गेली.

"मी इतकी ओरडत होते, तुला ऐकू नाही आलं?" मी विचारलं.

"आलं की. पण तुम्ही सगळे रागावून ओरडत होता. ही छान बोलली."

"तोही छानच बोलला होता," नॅन म्हणाली.

ती अनवाणी काठापर्यंत आली होती. नजर हेदरवरून हलत नव्हती. "लहानपणी आईने आम्हाला अशीच आरोळी दिली होती. मी आणि आयव्ही पाण्यात बसलो. आपली पोरं उचलून न्यायला आलेला सरकारी गाडीतला माणूस शोधून दमला. मग काठावर बसला आणि आपल्या भाषेत म्हणाला, ये. आपल्याच कुणीतरी शिकवलं असणार त्याला. आयव्हीला वाटलं, घरचंच कुणी आलंय. मी तिचा फ्रॉक धरला होता गं. सुटला."

नॅनला बहीण होती हे मला त्या क्षणी कळलं.

"मला फक्त तिला शोधायचं होतं, आंटी डल्सी," हेदर म्हणाली.

"त्यालाही तेच हवं होतं."

हेदरने ताहलियाचा हात सोडला.

पुढे ताहलिया आमच्याकडेच राहिली. हेदरनेच फोन करून सांगितलं, आणि फोनवर ती रडली. मी तिचे आभार मानले, मनापासून. मग फोन ठेवला आणि भर दुपारी दाराला कडी लावली.

पण त्याआधीच, पुढच्याच मंगळवारी, नॅन गाडीतून उतरून हॉलमध्ये आली. अंकल लायल खुर्ची आणायला धावला. "राहू दे खुर्ची, आज खेळ मी घेणार," ती म्हणाली आणि तिने मुलांना लपायला सांगितलं. मुलं पडद्यांमागे, टेबलांखाली शिरली.

"लायल, हाक मार."

लायलने 'ये' म्हटलं. मुलं उड्या मारत बाहेर आली.

"बाद," नॅन म्हणाली. "सगळी बाद. ज्याने लपवलं त्याचा चेहरा दिसेपर्यंत हलायचं नाही. शब्द कुणालाही येतो. लपा परत."

पुन्हा लपणं, पुन्हा हाक, पुन्हा बाद. एक मुलगा रडायला लागला. नॅनने त्याला जवळ घेतलं, पण खेळ थांबवला नाही. शेवटी तिने मला दाराबाहेर उभं केलं.

"आता तू. गोड आवाजात."

मी बंद दाराला तोंड लावून हाक मारली. आमच्या भाषेत, जमेल तितक्या मायेने. एकदा, मग पुन्हा. आत कुणी हललं नाही. फटीतून मला टेबलाखाली ताहलियाचा गुडघा दिसत होता. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. माझा आवाज तिने नक्की ओळखला होता.

ती आली नाही, आणि मला हायसं वाटलं.