कुर्म्यात न आलेली पुनम

मित्रांनो, आलापल्लीच्या पलीकडे, सागाच्या जंगलातल्या एका गावाच्या कडेला मी उभं आहे. उभं म्हणायचं आपलं. एक भिंत केव्हाच बसली आहे. मी या गावचं जुनं कुर्माघर. पाळी आली की बायकांनी घर सोडून माझ्यात येऊन राहायचं, अशी इथली रीत. पुरुषांनी मला हात लावायचा नाही, म्हणून मला बांधलं बायकांनी आणि गळकं छप्पर शाकारतातही त्याच. माझ्यात साप निघाले, बायका तापाने फणफणल्या. कौतुक करावं असं माझ्यात काही नाही, हे मी जाणून आहे.

तरी एकीने केलं. गावातल्या लालसूची नवी बायको पुनम, गोड गळ्याची. ती आली की शेणामातीने माझा एक कोपरा लिंपायची आणि रेला, म्हणजे आमची नाचाची गाणी, गायची. अंग दुखत असलं तरी बाकीच्या बायका हसायच्या. मला तिची वाट पाहायची सवयच लागली.

मग एका महिन्यात ती आली नाही. पुढच्याही नाही. कुर्म्यात न येणाऱ्या सुनेचा अर्थ इथे सगळ्या गावाला ठाऊक असतो. सासूने तिला मोळी उचलू दिली नाही. पोटही दिसू लागलं. गावातली आशाताई स्वाती तपासणीची पट्टी घेऊन गेली, तर सासू म्हणाली, "पोट दिसून राह्यलं, आता पट्टी कायले पाह्यजे?" हे स्वातीने माझ्यात बसूनच सांगितलं. आशाताई झाली तरी रीत तिलाही सुटलेली नाही.

मला मात्र चैन पडेना. पाण्याला जाणाऱ्या पुनमचा आवाज कानावर आला, तो घोगरा, बाप्यासारखा. बायका कुजबुजायच्या, "तिच्या ओठावर केस येऊन राह्यले वो." देव कोपला म्हणून कोंबडं दिलं. महिने सरले, बाळ काही हललं नाही. एका दुपारी पोटात अशी कळ उठली, की लालसूने तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं आणि तिथून चंद्रपूरला.

"बाळ नव्हतंच वो बाई," सोबत गेलेली स्वाती परत येऊन म्हणाली. "डाव्या अंडाशयात गाठ होती, आन् ती फुटली."

डॉक्टरांनी समजावलेलं तिने सगळ्यांना सांगितलं. आईच्या पोटात मुलगा असो की मुलगी, बीजग्रंथी, म्हणजे पुढे अंडाशय किंवा वृषण होणारा भाग, आधी एकाच कच्च्या ऊतीतून घडू लागते. पुनमच्या अंडाशयातल्या काही पेशी वाट चुकल्या. त्या पुरुषाच्या बीजग्रंथीतल्या पेशींसारख्या वाढल्या आणि पुरुषाचं संप्रेरक रक्तात सोडू लागल्या. त्यानेच पाळी थांबली, आवाज बदलला, ओठावर केस आले. हा आजार फार क्वचित होतो, बहुतेकदा तरुण बायकांना. गाठ अंडाशयापुरती असताना काढली तर बहुतेक जणी बऱ्या होतात.

"आपण सगळ्याच खुश होतो," एक म्हातारी म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली, सलाईनमधून कडक औषधं झाली. कितीतरी महिन्यांनी पुनम वाकून माझ्या दारातून आत आली. पोटावर लांब व्रण, आवाज तसाच घोगरा. "आली वो मी!" म्हणाली आणि हसता हसता रडली. माझ्यात आनंदाने रडलेली बाई मी आधी कधी पाहिली नव्हती. तिने कोपरा लिंपला. गाणं मात्र म्हटलं नाही.

काही महिने ती येत राहिली, आणि पुन्हा यायची थांबली. या वेळी कुणी आनंद केला नाही. स्वातीने त्याच दिवशी लालसूला गाठून गाडी आणवली. पण आजार पोटभर पसरला होता. पुनम चंद्रपुरातच गेली.

तिच्या कोपऱ्याचं लिंपण आता पोपडे धरून निघतं आहे. तिथे कुणी अंथरूण टाकत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणून विनवतात. मला खुशाल पाडा, मी हू की चू करणार नाही. पण मी आहे तोवर एवढं करा. माझ्याकडे कोण आली, हे तुम्ही सगळे पाहताच. जी आली नाही, तिला आधी दवाखान्यात न्या. आनंद मग करा.