विटा पुसायचा टॉवेल

विटा पाणी किती पितात, हे मोजण्यात सरांची अठरा वर्षं गेली होती. कुणी किती प्यायलं यावर नजर ठेवणारी माणसं जगात पुष्कळ असतात, पण ती बहुधा घरातलीच असतात आणि त्यांना कुणी प्राध्यापक म्हणत नाही. सरांना म्हणत.

पद्धत सोपी होती. वीट सुकवायची, वजन करायचं, चोवीस तास टबात बुडवून ठेवायची, बाहेर काढून पुसायची आणि पुन्हा वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे विटेनं प्यायलेलं पाणी. हा कारभार तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत चाले. भिंतीवर चौकटीत एक आलेख टांगलेला होता. त्यातली रेघ पहिली सात वर्षं शेकडा सोळाच्या आसपास शहाण्या मुलासारखी सरळ चालत होती. आठव्या वर्षी पायरी चुकल्यासारखी ती धपकन चौदावर आली आणि पुन्हा वर म्हणून गेली नाही. त्या पायरीवरच सरांचं नाव उभं होतं. मातीच बदलली आहे, आताच्या विटा पूर्वीसारखं पाणी पीत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता.

"लोकांना विटांचा वीट येतो," बायको म्हणायची. "ह्यांना तेवढा येत नाही."

या खोलीवर विभागप्रमुखांचा दोन वर्षांपासून डोळा होता. त्यांना तिथं आंतरराष्ट्रीय कक्ष करायचा होता. परदेशी विद्यार्थी येतात, त्यांना बसायला एखादा सोफा नको का? एकदा तर ते मोजपट्टी घेऊन आले आणि दुसरं टोक सरांनाच धरायला लावलं.

"यंदा एक परदेशी मुलगी आठ आठवडे तुमच्या हाताखाली संशोधन शिकायला येतेय," ते पट्टी गुंडाळत म्हणाले. "शेवटी ती सगळ्यांसमोर काम मांडेल. काम दमदार निघालं तर खोली तुमची."

"आणि नाही निघालं तर?"

"सोफा निळा घ्यावा म्हणतोय मी."

सर रात्रंदिवस विचारात पडले. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याला काम काय द्यावं, हा अवघड प्रश्न असतो. यंत्राला हात लावू द्यावा तर यंत्र जातं, न लावू द्यावा तर विद्यार्थी तक्रार करतो. शेवटी त्यांनी मुलीला असं काम दिलं, की ज्यात काही बिघडूच शकत नाही.

"आमची पद्धत नीट बघ," ते म्हणाले, "आणि जशी आहे तशी लिहून काढ."

सरांच्या आयुष्यातली ही सगळ्यात महागात पडलेली दोन वाक्यं होती.

मुलगी सरांच्याच घरी, लेकीच्या रिकाम्या खोलीत उतरली. दोन वर्षं भाषा शिकून आली होती आणि बातम्या सांगितल्यासारखं शुद्ध बोलायची. सगळे तिला पाहुणी म्हणू लागले. ती सकाळी वही घेऊन खोलीच्या दाराशी उभी राहायची आणि दिसेल ते टिपायची. तिसऱ्या दिवशी तिनं सरांना वही दाखवली.

"मामा कुलूप उघडतात, तेव्हा आधी त्याला एक शिवी देतात. हा पद्धतीचा भाग आहे का?"

"नाही, नाही. ते खोड."

"परंतु त्याशिवाय ते उघडत नाही, असे मामा म्हणतात. मी चार वेळा प्रयत्न केला. मामांचे बरोबर आहे."

"मग राहू दे," सर म्हणाले.

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले मदतनीस. निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी कुरकुरणारे, पण कामाला वाघ. वीट पुसायचं काम त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी नुसतं काम म्हणून कधी केलं नाही. न्हाऊ घातलेल्या लेकराला पुसावं तशी ते वीट पुसत. आधी तोंड, मग पाठ, मग कानामागे. विटेला कान नसतात हे त्यांना पटवून देणं शक्य नव्हतं.

पाचव्या आठवड्यात पाहुणी एक कागद घेऊन सरांच्या टेबलापाशी आली.

"सर, मी गेल्या आठवड्यात एकाच विटेला तीन वेळा भिजवले. एकदा मामांनी पुसली, एकदा मी पुसली, एकदा आपल्या लिपिकांनी. विटेने तीन वेळा वेगवेगळे पाणी प्यायले."

"लिपिक कुठलंच काम नीट पुसत नाही," सर हसले. "फायलींवरची धूळ बघ."

"मामांच्या हातून वीट सर्वांत कमी पाणी पिते."

सर हसायचे थांबले. "मामांच्या आधी वीट कोण पुसायचं?" तिनं विचारलं.

"मी."

"किती वर्षे?"

"सात," सर म्हणाले, आणि त्यांची नजर आपसूक भिंतीवर गेली.

मामांना बोलावणं झालं. ते खांद्यावर टॉवेल टाकूनच आले.

"मामा, हा टॉवेल कुठला?"

"वहिनींनी दिलाय, सर. मी आलो तेव्हा इथं तुमचं ते फडकं होतं, नुसती जाळी झालेली. त्यानं पुसलं काय नि फुंकर घातली काय. हा बघा, अकरा वर्षं झाली, अजून कसा पाणी ओढतो." मामांनी अभिमानानं टॉवेल टेबलावर पसरला. पाहुणीनं तो वजनकाट्यावर ठेवला.

दुपारी सर पाहुणीला घेऊन जेवायला घरी गेले आणि पहिल्या घासालाच विचारते झाले, "तू मामांना टॉवेल कधी दिलास?"

"लेकीच्या लग्नात पाहुण्यांसाठी नवे जाडजूड टॉवेल घेतले होते, आठवतंय? चार जण टॉवेल न वापरताच परत गेले. त्यातला एक तुमच्या विटांना पाठवला. का, परत मागताय?"

"कुठल्या वर्षी?"

"लेकीच्या लग्नाचं वर्ष बापानं विचारावं? धन्य आहे."

विचारायची गरज नव्हती. ते वर्ष सरांना रोज भिंतीवर दिसायचं. तिथंच रेघ खाली आली होती.

जेवण तसंच राहिलं. हात धुवायला ते उठले तर पाहुणी पाठोपाठ आली.

"काकूंनी सांगितले, की तो आलेख तुम्ही दिवाणखान्यातही लावला होता आणि त्यांनी काढायला लावला. सर, मी टॉवेलाची ती तीन पाने अहवालातून वगळू शकते. उरलेले काम खरेच आहे. खोली तुमच्याकडे राहील."

"कानामागचं पान ठेवशील?"

"ते सर्वांना आवडेल."

सरांनी हात पुसले. ते परत खोलीत गेले, आतून कडी घातली आणि टबातून एक वीट काढली. आधी आपल्या जुन्या, झिरझिरीत हातरुमालानं टिपली आणि काट्यावर ठेवली. शेकडा सोळा. मग तीच वीट टॉवेलनं, मामांच्या पद्धतीनं, लाड करत पुसली. शेकडा चौदा. अठरा वर्षांत माती होती तिथंच होती. बदललं होतं ते पुसायचं फडकं; त्या जागी सासरी गेलेल्या लेकीच्या लग्नातला टॉवेल आला होता, आणि त्यावर त्यांनी नऊ लेख लिहिले होते.

बराच वेळ ते विटेसमोर बसून राहिले. वीटही बसून राहिली. मग त्यांनी दार उघडून पाहुणीला हाक मारली आणि तिच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर सही केली.

"ती तीन पानं ठेव," ते म्हणाले. "आणि आलेख मोठा लाव. मागच्या रांगेला दिसला पाहिजे."

मांडणीच्या दिवशी विभागप्रमुख पहिल्या रांगेत बसले होते. पाहुणीनं कुलूप सांगितलं, शिवी गाळली, कान सांगितले. सभागृह हसलं. मग पडद्यावर आलेख आला, आलेखाशेजारी टॉवेल आला, आणि हसणं थांबलं. विभागप्रमुखांचा चेहरा मात्र खुलत गेला. सर खाली बघत बसले होते.

"म्हणजे हा सिद्धांत धुण्याच्या दोरीवर टाकायचा," प्रमुख उठत म्हणाले. "मला वाटतं, त्या खोलीबद्दल आता बोलायला हरकत नाही."

"माझे एक पान उरले आहे," पाहुणी म्हणाली.

तिच्या देशात तिला शिकवलं होतं, की ज्यांचं काम तपासलं त्यांची नावं शेवटी पूर्ण आणि क्रमानं दाखवावीत. पडद्यावर सरांच्या नऊ लेखांची यादी आली. प्रत्येक लेखात पहिलं नाव विभागप्रमुखांचं होतं. ही विभागाची जुनी रीत. प्रमुखांचं नाव आधी घातल्याशिवाय एकही लेख फाटकाबाहेर पडत नसे. त्यांनी ते लेख वाचावेत, अशी मात्र रीत नव्हती.

"या सिद्धांताचे पहिले लेखक येथे उपस्थित आहेत, हा माझा सन्मान आहे," पाहुणी म्हणाली. तिच्या आवाजात कपट नावाला नव्हतं, आणि तेच वाईट होतं. "चूक कशी झाली, हे त्यांनीच सांगावे अशी माझी विनंती आहे."

प्रमुख उभेच होते. बसावं तर कबुली, उभं राहावं तर उत्तर. मागच्या रांगेतून कुणीतरी खोकलं.

"घाईनं चूक म्हणणं शास्त्राला धरून नाही," ते शेवटी म्हणाले. "याची फेरतपासणी झाली पाहिजे. कसून. पाच वर्षं तरी."

"आणि खोली?" सरांनी मान वर करून विचारलं.

"फेरतपासणी काय जिन्यावर करणार तुम्ही?"

निळा सोफा आधीच मागवलेला होता. त्याला जागा नव्हती म्हणून तो विटांच्या खोलीतच आणून टाकला. मामांच्या गुडघ्यांना तो फार मानवला.

जायच्या दिवशी पाहुणीनं सरांच्या हातात एक पुडकं ठेवलं. आत एकसारखी, एकाच वजनाची पाच फडकी होती. वर्षाला एक.

तिला निरोप देऊन घरी आल्यावर सरांनी पुडकं उघडून पुन्हा मोजलं. चार निघाली.

"एक मी ओट्याला घेतलंय," बायको आतून म्हणाली. "फार छान पुसतं हो. विटांना काय कळतंय त्यातलं?"

सरांनी नवी नोंदवही काढली. पहिल्या पानावर लिहिलं, पद्धत. त्याखाली लिहिलं, फडकी कुलपात ठेवावीत. मग काहीतरी आठवून पुढं लिहिलं, शिवी मामांकडून शिकून घ्यावी.