मागच्या पानांवरची बाग

मी एक नोंदवही बोलतेय. कशाची नोंदवही असं विचाराल, तर मात्र मी जरा गडबडते. माझ्या पुठ्ठ्यावर ‘पाणीपुरवठा, टाकी क्रमांक दोन’ असं लिहिलंय आणि ते खोटं नाही. फक्त पुरतं खरंही नाही. साठी उलटल्यावरही आपण कोण हे नक्की सांगता येऊ नये, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. तरी सांगते. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका छापखान्यात झाला. लाल कापडी पाठ, कडक पुठ्ठा, दोनशे पानं आणि प्रत्येक पानावर निळे रकाने: तारीख, वेळ, पातळी, शेरा. नगरपालिकेने मला टाकीच्या चौकीत नेऊन ठेवलं. तिथला पाणीवाला अबोल माणूस होता. रोज दोनदा तो टाकीत काठी बुडवायचा, काठी कुठवर ओली झाली ते पाहायचा आणि तो आकडा माझ्यात लिहायचा. शेऱ्याच्या रकान्यात कायम एकच शब्द, ‘ठीक’. पन्नासेक पानं अशीच गेली. ठीक, ठीक, ठीक. आयुष्य म्हणजे एवढंच असावं अशी माझीही समजूत झाली होती.

मग टाकीवर यंत्र बसलं, काठीची गरज संपली आणि टाकीभोवतीच्या मोकळ्या जागेत नगरपालिकेने सार्वजनिक बाग केली. चौकीत आता माळी आला. त्याने कचेरीत नोंदींसाठी वही मागितली, तेव्हा बागेला कसली वही लागते, झाडं काय सही करतात की काय, असं म्हणून त्याला वाटेला लावलं. पाणीवाल्याला त्याची दया आली असावी. बदली होऊन जाताना त्याने मला माळ्याच्या हातात ठेवलं.

माळ्याने मला चाळलं, मिटलं, उलटं केलं आणि शेवटच्या पानापासून लिहायला घेतलं. पाणीवाला म्हणाला, अरे, पुढे एवढी कोरी पानं पडलीत की. माळी म्हणाला, “पुढची बाजू तुमची. मी आपला मागच्या दाराने येतो.”

त्या मागच्या दाराने किती काय आत आलं म्हणून सांगू. माळ्याला रकाने ठाऊक नव्हते. पातळीच्या रकान्यात तो गुलाबांची संख्या लिहायचा आणि शेऱ्यात जे मनात येईल ते. ‘कारंजं बंद पडलं. बेडूक खूश.’ ‘तिसऱ्या बाकावरचे आजोबा चार दिवस आले नाहीत. घरी जाऊन आलो. सर्दी आहे, दुसरं काही नाही.’ ‘बोगनवेल भिंतीपलीकडे गेली. पलीकडच्या बाईंनी तक्रार केली आणि कलमही मागितलं.’ अक्षर बेताचंच, पण दाबून लिहिलेलं. पानाच्या मागून बोट फिरवलं तरी कळावं असं.

दुपारी शाळा सुटली की त्याची मुलगी चौकीत यायची. सात वर्षांची. तो तिला ठकी म्हणायचा. पालथ्या बादलीवर बसून ती दिवसभराची नोंद वाचून घ्यायची आणि शुद्धलेखनाच्या चुका काढायची. तोही मुकाट्याने खोडून पुन्हा लिहायचा. माझ्या आयुष्यातला चांगला काळ कोणता असं मला कोणी विचारलं, तर पालथ्या बादलीचे ते दिवस सांगेन. अर्थात, विचारणार कोण?

बागेत दोन झोपाळे होते. त्यांतल्या एकाची साखळी झिजत चालली होती. माळ्याने ती नोंद केली आणि कचेरीत जाऊन कळवलं. काही झालं नाही. पुन्हा नोंद, पुन्हा खेप. तिसऱ्यांदाही तेच. आणि मग एके दिवशी ती साखळी तुटली. एक लहान मुलगा पडला, त्याचा पाय मोडला. पाय पुढे नीट जुळला, असं मी ऐकलंय. बरेचदा स्वतःला तसं सांगतेही.

साहेब चौकशीला आले. माळी म्हणाला की मी तीनदा येऊन कळवलं होतं. साहेबांनी विचारलं, लिहून ठेवलंय का कुठे? मी त्याच्या मागच्या फळीवरच होते. हात लांब केला असता तर मिळाले असते. त्याने मान वळवूनही पाहिलं नाही. “नाही साहेब,” एवढंच म्हणाला.

त्याची बदली मैलापाण्याच्या केंद्रावर झाली. बागेत तो परत आला नाही, आणि घरी त्याने एक कुंडीसुद्धा ठेवली नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याने असं का केलं याचं कारण माझ्याच एका पानावर होतं. पण ते आत्ताच सांगायला माझी जीभ रेटत नाही. क्रमाने सांगते.

चौकी पाडली, तेव्हा कोणीतरी माझा पुठ्ठा वाचून मला पाणीपुरवठ्याच्या गठ्ठ्यात बांधलं. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात, तळमजल्यावर, मी पन्नास वर्षं काढली. आधी सुतळी होती, मग प्लास्टिकची दोरी आली. बाकी फरक नाही.

बाहेर काय घडलं ते मला पुढे ठकीच्याच बोलण्यातून कळलं. ती मोठी झाली, दवाखान्यात परिचारिका झाली, निवृत्तही झाली. रोज सकाळी मैत्रिणींबरोबर ती त्याच बागेत फिरायला जाते. बागेला साठ वर्षं झाली म्हणून फाटकाशी इतिहासाचा फलक लागला आणि एका मैत्रिणीने तो मोठ्याने वाचला. तिला बिचारीला काय माहीत. त्यात होतं, ‘माळ्याच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाल्याने झोपाळे हटवण्यात आले.’

ठकी तशीच कचेरीत गेली. हे वाक्य काढा म्हणाली. पुरावा आणा, असं उत्तर मिळालं. मग तिने रीतसर अर्ज केला: सदर बागेच्या सुरुवातीच्या दहा वर्षांची सर्व कागदपत्रं पाहायला मिळावीत. महिन्याने उत्तर गेलं की अशी कोणतीही नोंदवही कार्यालयात उपलब्ध नाही.

दप्तरखान्याच्या बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी बागेचं कपाट उचकून पाहिलं होतं. मी तीन कपाटं सोडून होते. वहीला खोकता येत नाही, ही आमच्या जातीची मोठीच अडचण आहे.

ठकीने अपील केलं. अर्जदाराला स्वतः येऊन पाहू द्यावं, असा वरून हुकूम आला. एका मंगळवारी सकाळी ती आली. केस पांढरे, पायात मऊ बूट. मी तिला ओळखलं नाही, हे कबूल करते.

बाईंनी तिच्यापुढे दोन फायली ठेवल्या. “मावशी, एक फाटकाच्या कुलपाची आणि एक कारंज्याची. कारंज्याची जाड आहे, कारण ते कधी धड चाललंच नाही.”

ठकीने दोन्ही पानापानाने पाहिल्या. त्यांत काही नव्हतं. मग तिने विचारलं, बागेत टाकी होती ना गं, तिचं काही असेल का? असेल, पण त्यात नुसते पाण्याचे आकडे, बाई म्हणाल्या. तरी त्यांनी मला काढलं, फुंकर मारली आणि टेबलावर ठेवलं. ठकीने पहिलं पान उघडलं. ठीक, ठीक, ठीक. बाई हसून म्हणाल्या, बघा मावशी, सगळं ठीक आहे.

ठकीने मला मिटलं. पण हात माझ्यावरून काढला नाही. तिच्या शाळेच्या वह्यांत बाबा घरची टिपणं करायचे ती मागून करायचे, असं ती बाईंना सांगू लागली. पुढची बाजू ठकीची, म्हणायचे. आणि बोलता बोलताच तिने मला उलटं केलं.

आधी ती हसली. बेडूक खूश, हे तिने दोनदा वाचलं. मग साखळीची पहिली नोंद आली, दुसरी आली, तिसरी आली. तिच्यापेक्षा बाईंनाच जास्त आनंद झाला. मी लगेच नक्कल काढून शिक्का मारून देते, म्हणाल्या. तोवर ठकीने पान उलटलं होतं.

‘झोपाळ्याला दोरी बांधून ठेवली, कोणी बसू नये. संध्याकाळी ठकी हटून बसली. दोरी सोडली, दोन झोके दिले. परत बांधायचं राहिलं.’

त्याखाली दुसऱ्या दिवसाची तारीख आणि दोनच शब्द: ‘मूल पडलं.’ पुढे कोरं.

बाईंनी खांद्यावरून सगळं वाचलं होतं. त्या हळूच म्हणाल्या, “मावशी, नकलेसाठी पान नंबर तुम्हीच लिहायचा असतो. आधीचं एकच लिहा. पुढचं मी काही पाहिलेलं नाही.”

ठकीने ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग तिने विचारलं, “त्यांनी तेव्हा ही वही दाखवली असती, तर बागेतच राहिले असते?”

“राहिले असते बहुतेक.”

“आणि माझं नाव निघालं असतं.” तिने चष्मा पुसला. “दोन्ही पानं दे.”

“अहो, मग ते म्हणतील, बघा, माळ्याचीच चूक.”

“अर्धी होती त्यांची. अर्धीच म्हणतील. आजवर सगळीच म्हणत आलेत.” मग तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, शाळेतल्यासारखं. “आणि हे दोन झोके लिहिलंय ते चूक आहे. अंधार पडेस्तोवर मी उतरलेच नव्हते.”

फलकावरचं वाक्य आता बदललंय, असं बाई शिपायाला सांगत होत्या. माळ्याने तीनदा कळवल्याचं त्यात आलंय, दोरीचंही आलंय. ठकीने तसं लेखी मागितलं होतं. ती अजून तिथे फिरायला जाते. मी तिला हवं होतं ते दिलं की नको होतं ते, याचा मला अजून उलगडा झालेला नाही. दुपारी कपाटात ऊन येतं, तेव्हा हाच विचार घोळत असतो.

माझे कागद आता सुटू लागलेत. फार वर्षं उरली आहेत असं वाटत नाही. म्हणून एक विनंती करते. तुमच्याही गावात एखादी बाग असेल आणि कुठल्याशा तळघरात तिचे कागद असतील. जा, अर्ज करा, नाही म्हणाले तर पुन्हा करा. पण मागाल तेव्हा आवडेल तेवढंच पान मागू नका. हे सांगायचा मला अधिकार आहे की नाही, कोण जाणे. सांगून टाकलं खरं.