रोजचं जेवण

"तुज्या आयला काय येड लागलंय का गं?" लॅबच्या बाकावर डबा उघडताच आबा म्हणाले.

वृषालीने सुई टाकून दिली आणि वाकून पाहिलं. तीन भाकरी आणि मटण, वर बोटभर लाल तवंग.

बारामतीच्या या लॅबमध्ये ती बारा वर्षं रक्त काढत होती. आबा, म्हणजे तिचे वडील, कळसचे कुंडलिकराव, दर तीन महिन्यांनी एसटीने तिच्याकडे येत. एक रक्त उपाशीपोटी, दुसरं डबा खाऊन. त्या दिवसाचा डबा ठरलेला असे: अर्धी भाकरी आणि बिनतेलाची मेथी. साखर नेहमी नेमात निघे, आणि तो रिपोर्ट आबा पारावर सगळ्यांना दाखवत. गोड त्यांनी नऊ वर्षांपूर्वी, साखरेचा आजार निघाला तेव्हाच सोडलं होतं, चहासुद्धा बिनसाखरेचा. बाकी तेल, तूप, रस्सा जोरात. कोणी टोकलं तर म्हणायचे, "तेलात कुठं साखर असती?" परीक्षेपुरतं शहाणं व्हायची शाळकरी खोड त्यांनी साठीत उचलली होती. वृषालीला ते दिसत नव्हतं असं नाही; पण चांगला रिपोर्ट हातात असताना लेकीची जीभ कशी रेटावी?

तिने घरी फोन लावला. "आई, डबा बदलला का गं?"

"बदलला न्हाय. रोज खात्यात त्येच दिलंय," सिंधुबाई म्हणाली. मग आवाज खाली गेला. "इहिरीवर जाताना चारदा थांबत्यात गं. पोटरी धरून. इचारलं तर म्हणत्यात, डाळिंबं बघतूय. माल तर कवाच उतरलाय. झाडाला एक फळ न्हाय."

फोन ठेवून वृषाली बाकाशी आली.

"खाऊन घ्या आबा."

"आन् रिपोर्ट?"

"खावा. सगळं."

उपाशी माणूस, त्यांनी डबा पुसून काढला. तीन तासांनी तिने पुन्हा रक्त घेतलं, नळी यंत्रात फिरवली आणि उजेडात धरली. वर उरणारं पाणी एरवी पिवळसर, नितळ असतं. हे पांढरं होतं, पाणी घातलेल्या दुधासारखं. जेवणातली चरबी अजून रक्तात तशीच तरंगत होती. अशा नळ्या तिने परक्यांच्या पाहिल्या होत्या, आणि साखरेच्या माणसाच्या नसा ही चरबी आतून कशी बुजवत नेते, हे त्यांना दटावून सांगितलंही होतं. आबांची साखर तेवढी ती तपासत आली होती, तीही मेथीच्या डब्यावर. ते रिपोर्ट तिनेच छापले होते. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना तिने फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "पावलावर नाडी लागते का? बघ, आणि लगेच वर आण."

"काय म्हणला डाक्टर?" आबांनी विचारलं.

"वर जायचंय. त्याआधी वहाणा काढा जरा."

ती फरशीवर बसली. डावं पाऊल हातात घेतलं. नाडी होती, अगदी बारीक. उजवं गार होतं, पोटरीखाली केस झडून कातडी चकाकत होती. दोन तालुक्यांतल्या म्हाताऱ्यांच्या बुडालेल्या शिरा हुडकणारी तिची बोटं पावलावर फिरली, घोट्यामागे गेली, परत वर आली. काही लागेना.

तिला अशी पायाशी वाकलेली बघून आबा अवघडले. लोक बघत होते. त्यांनी सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी ऱ्हा, बाळा," ते म्हणाले. "ऊठ आता."

ती उठली नाही. तिने बोटं आणखी थोडी पुढे सरकवली.