फलकावरच्या मुकादमबाई

सरकारी इस्पितळाच्या धुलाईघरात शब्द चालायचा तो मुकादमबाईंचा. वॉर्डातल्या चादरी एकीकडे, शस्त्रक्रियेचे कपडे दुसरीकडे, रक्ताचे डाग आधी गार पाण्यात. यात कुणी गफलत केली, तर समोर डॉक्टर असो की झाडूवाला, त्या खरडपट्टी काढल्याशिवाय राहत नसत. चोवीस वर्षं वाफेत उभं राहून हातांची कातडी पातळ झाली होती, पण जिभेची धार तशीच होती.

निवडणूक पंधरा दिवसांवर आली होती. सोमवारी सकाळी कामावर येताना चौकात त्यांचे पाय थबकले. समोर दुमजली उंचीचा फलक लागला होता. त्यावर एक बाई दोन्ही हातांत पांढऱ्याशुभ्र चादरींची चळत घेऊन हसत होती. वर लिहिलं होतं, ‘खर्च कमी, काम जास्त! बचतीचं सरकार पुन्हा एकदा.’ ती बाई म्हणजे त्या स्वतःच.

फोटो खोटा नव्हता. तीन वर्षांपूर्वी माहिती खात्याचा माणूस येऊन काढून गेला होता. पण तेव्हा त्यांच्या दोन्ही अंगांना मिळून आठ जणी उभ्या होत्या. फलकावरून त्या आठही जणींना छाटलं होतं, आणि खर्चकपातीच्या वर्षी त्यातल्या चौघींना कामावरूनही. तेव्हापासून रोज बदलायच्या चादरी तिसऱ्या दिवशी बदलत. धुलाईचं एक यंत्र सहा महिन्यांपासून बंद होतं. पाठीला जखमा झालेली म्हातारी माणसं त्याच मळक्या चादरीवर कूस बदलत पडत.

बाई तडक अधीक्षकांकडे गेल्या.

“जाहिरात पक्षाची आहे, माझा काय संबंध?” साहेब म्हणाले. “आणि बाई, तुमचा एवढा मोठा फोटो लागलाय. लोक याला नशीब म्हणतात.”

“ज्यांना म्हणायचंय त्यांचे लावा,” बाई म्हणाल्या आणि पक्षाच्या कचेरीत गेल्या. तिथला तरणाबांड कार्यकर्ता हसून म्हणाला, “फोटो सरकारी, सरकार आमचं. मग फोटो कुणाचा?”

“आणि तोंड कुणाचं?” बाईंनी विचारलं. त्यावर त्यानं फोन कानाला लावला.

संध्याकाळी विरोधी पक्षाची एक बाई दारात हजर. “आमच्या सभेत बोला. आम्ही सगळ्यांना परत कामावर घेऊ, वीज फुकट देऊ, कर अर्धा करू.”

“कर अर्धा करून पगार कशातून देणार?”

“ते निवडून आल्यावर बघू. आधी तुमचा एक छान फोटो काढू या.”

“म्हणजे एका फलकावरून उतरून दुसऱ्यावर चढू? या आता तुम्ही.”

घरात वेगळीच लढाई होती. नवऱ्याचा लेथचा लहानसा कारखाना होता, आणि तो बचतीच्या सरकारचा पक्का मतदार. जेवताना तो म्हणाला, “फोटोचं चुकलंच त्यांचं. पण धोरण चूक नाही. आधीच्यांनी ऋण काढून सण केला. ते फेडायचं कुणी? माझ्यासारख्यानं. कर भरून भरून मी दोन कारागीर कमी केले, तेव्हा कुणाला कळवळा आला? अंथरूण पाहून पाय पसरावेत.”

“अंथरूण मी धुते,” बाई म्हणाल्या. “ते केवढं आहे ते मला नका सांगू. आणि पाय नेहमी आजाऱ्यानंच का आखडायचे? मंत्र्याच्या दारात नव्या गाड्या उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं गेलं अंथरूण?”

“गाड्यांचं मी समर्थन करत नाही.”

“मग मतही देऊ नका.”

“मत मी त्यांनाच देणार.”

बाईंनी ताट उचललं. दोन दिवस दोघं कामापुरतंच बोलले.

गुरुवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश काढला. नवऱ्यानं पाहिलं. “काय बेत आहे?”

“माझं तोंड पुसणार आहे.”

“अंधार पडल्यावर जा मग.”

“चोरी करतेय का मी? जेवणाच्या सुट्टीत जाणार. भर दुपारी.”

तो कारखान्यात निघून गेला. पण साडेबाराला बाई चौकात पोचल्या, तर कारखान्याची मोठी शिडी खांद्यावर घेऊन तो आधीच तिथं उभा. “घरची स्टुलं पुरली नसती,” एवढंच म्हणाला.

बाईंनी पदर खोचला आणि चढल्या. बघता बघता खाली गर्दी जमली. परिचारिका आल्या, पेशंटचे नातेवाईक आले, धुलाईघरातल्या चौघी ओल्या हातांनी धावत आल्या. बाईंनी आधी स्वतःचं हसू पुसलं, मग डोळे. मग खाली वाकून चादरींवर लिहायला घेतलं. जागा भरपूर होती. अक्षर वेडंवाकडं, पण हातभर उंच: ‘या फोटोत नऊ जणी होत्या.’

तेवढ्यात तो कार्यकर्ता पळत आला. “ओ काका, शिडी काढा आधी! विरोधकांची माणसं तुम्ही!”

“मी?” नवऱ्यानं खिशातून पक्षाच्या सभासदत्वाचं कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. “बावीस वर्षं. तू शाळेत होतास तेव्हापासून. बायको वर आहे, शिडी सोडू म्हणतोस?”

गर्दीत हशा पिकला. कार्यकर्ता लाल झाला. बाई सावकाश उतरल्या, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि पावणेदोनला यंत्रापाशी परत उभ्या राहिल्या.

फलक दुसऱ्या दिवशी उतरला. पण त्याचे फोटो तोवर शहरभर फिरले होते, आणि प्रत्येक सभेत अर्थमंत्र्यांना कुणी ना कुणी विचारायचंच, “उरलेल्या आठ जणी कुठायत?” तरी सरकार निवडून आलं, थोड्या मतांनी का होईना. काढलेल्या चौघींपैकी एकीला परत घेतलं, तेही कंत्राटावर. बंद यंत्र दुरुस्त करायला मात्र आठवड्यात माणूस आला.

आणि बाईंना नोटीस आली: ‘गैरवर्तनाबद्दल खुलासा करावा.’ बाईंनी खुलासा एका ओळीत दिला: ‘चेहरा माझा होता, पुसला, वाक्य खरं होतं, लिहिलं.’ महिन्याभरानं वर्षाची वेतनवाढ रोखल्याचा आदेश हातात पडला.

नवऱ्यानं आदेश दोनदा वाचला, चष्मा काढला. “म्हणजे सरकारची आणखी थोडी बचत झाली म्हणायची,” तो म्हणाला आणि ओठ चावून हसू दाबायला लागला.

“हसू नका,” बाई म्हणाल्या. “तुमचं अक्षर बरं आहे. कागद घ्या. अपील लिहायचंय.”