निंबाचा दृष्टांत

शालिग्रामदादा कीर्तनाला उभे राहिले की बुऱ्हाणपुरातल्या बुधवारा पेठेतले इतर धर्माचे लोकही प्रार्थनामंदिराच्या अंगणाच्या कडेला येऊन बसत. दादांच्या वडिलांनी ख्रिस्ताचं नाव घेतलं तेव्हा ना स्वतःचं नाव बदललं, ना मुलाचं, आणि गळ्यातलं कीर्तनही टाकलं नाही. आख्यानं तेवढी बदलली. दादा दिवसभर दुकानात शिवणयंत्र चालवत आणि पायाच्या ठेक्यावर नव्या साक्या, म्हणजे कीर्तनातली पदं, जुळवत. त्यांच्या तोंडून पापमुक्तीचा अभंग ऐकावा तर असं वाटे, की आपल्या मानेवरचं जू कुणीतरी हलकेच काढून बाजूला ठेवतंय.

छप्पन साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आता उपासनासुद्धा हिंदीत करावी लागते की काय, अशी ख्रिस्ती मंडळीचे पंच सुधाकरराव यांना चिंता लागली. मृदंग वाजवणारा कडू म्हणाला, राजधानी न्यायची तर खुशाल न्या म्हणा, कीर्तन तेवढं इथं राहू द्या.

जवळच्या फोपनार गावचा निंबा नाताळच्या आधी तापीवर बाप्तिस्मा घेणार होता. केळीचा लहानसा मळा, लग्न नाही, घरात विधवा थोरली बहीण गोदाबाई. बाप्तिस्म्यासाठी पांढरा सदरा शिवायला तो दुकानात आला. दादा त्याच्या गळ्याचं माप घेत होते, तेव्हा मान ताठ ठेवूनच त्यानं आजवर कुणाला न सांगितलेलं ते सांगितलं.

आई अंथरुणाला खिळली होती. दिवसभर हाका मारायची. कधी पाणी, कधी कूस, कधी उगाच. त्या दुपारी गोदाबाई घरी नव्हती; निंबा केळीला पाणी भरून आला आणि ओसरीवर आडवा झाला. आतून हाक आली. त्याला ती ऐकू आली, आणि त्यानं डोळे मिटून घेतले. पुन्हा आली. तो जागाच होता. उठला तेव्हा आई माठापर्यंत सरपटत जाऊन संपलेली होती. तांब्या उपडा, पाणी सगळीकडे. त्यानं तिला उचलून खाटेवर ठेवलं, आणि ओल दिसू नये म्हणून शेण कालवून स्वतःच्या हातानं जमीन सारवली. मग लोकांना बोलावलं. माय झोपेत गेली, म्हणाला.

"दादा, मले सरग नको," निंबा म्हणाला. "ती हाक आयकू येनं बंद झालं म्हंजे बस."

दादांचे डोळे भरले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "पाण्यात जाईल तो निंबा वर यायचाच नाही रे. प्रभू नवाच माणूस वर काढतो. सुटशील तू."

हे त्यांनी मनापासून सांगितलं होतं. त्यात खोट नव्हती.

पुढच्या रविवारी उतरत्या उन्हात अंगणात कीर्तन होतं. निंबा बैलगाडी जुंपून गोदाबाईला घेऊन आला. ती येशूची नव्हती, पण कीर्तनाची होती. देव कुणाचा का असेना, चाल चांगली पाहिजे, असं म्हणायची. पूर्वरंग बरा झाला. उत्तररंगात दादांनी बायबलातल्या उधळ्या मुलाचं आख्यान लावलं आणि सभा काही केल्या धरेना. लोकांनी ते अनेकदा ऐकलं होतं. कडेचे दुकानदार उठायला लागले. एक बाई पोराला घेऊन निघाली. कडूनं दादांकडे पाहिलं, म्हणजे आता काहीतरी करा.

दादांना सभा हातातून सुटताना सोसत नसे. त्यांनी झांजा छातीशी धरल्या आणि म्हणाले, एका गावात एक मुलगा होता, मंडळी.

गाव त्यांनी सांगितलं नाही. केळी काढून कापूस घातला. नाव तर नाहीच नाही. इतकं केलं म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. पण सारवलेली जमीन त्यांना गाळवेना. रडू तिथंच येणार होतं. हाक ऐकूनही मुलगा उठला नाही, आई पाण्यावाचून गेली आणि आता तो तिच्या सांडल्या पाण्यावर शेण फिरवतोय, हे त्यांनी विलंबित साकीत म्हटलं, दुसऱ्या ओळीला आवाज मुद्दाम खाली नेला. निघालेली बाई परत बसली. दुकानदार बसले. अंगणात हुंदके ऐकू यायला लागले आणि दादांच्या अंगातून ते ओळखीचं गोड काहीतरी वर चढत गेलं.

आपल्याकडे प्रेत उचलल्यावर जागा सारवतात, आधी नाही. निंबानं आधी सारवली होती, हे फोपनारात सगळ्यांना माहीत होतं. दुःखानं भान सुटलं बिचाऱ्याचं, मायसाठी बाईमाणसाचं काम केलं, असा लेक कुणाला मिळतो, असं लोक म्हणत. सगळ्यात जास्त गोदाबाईच म्हणे. भाऊ सोन्याचा म्हणून ती गावभर मिरवली होती.

ती बायकांमधून उठली. ओरडली नाही.

"निंबा, मायनं हाक मारली व्हती का रे तुले?"

निंबानं खाली पाहिलं. त्यानं मान वर केलीच नाही, तेव्हा अंगणातल्या एकेकाला समजत गेलं. गोदाबाई गाडीत बसली नाही. चालतच फोपनारच्या वाटेला लागली. निंबा रिकामी गाडी घेऊन तिच्या मागे मागे, अंतर ठेवून गेला.

ती दिराकडे राहायला गेल्याचं कळलं. जाताना बोलली, तू पानी मागशीन तं मी बी झोपेल राहीन. निंबा बुऱ्हाणपुरात दिसेनासा झाला. सुधाकरराव दुकानात आले, बराच वेळ हळहळले, आणि उठता उठता म्हणाले की झालं ते वाईटच झालं, पण दादा, त्या दिवसासारखं कीर्तन आजवर झालं नाही. बाजारातले लोक विचारतात, पुन्हा कधी?

आणि दादांना बरं वाटलं. क्षणभरच, पण अगदी स्वच्छ बरं वाटलं. सुधाकरराव गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार लोटलं आणि कापडाच्या ढिगावर डोकं टेकलं. पाप सोडण्याबद्दल त्यांनी आयुष्यभर गायलं होतं. दारू त्यांना ठाऊक नव्हती, खोटं माप त्यांनी कधी धरलं नव्हतं, म्हणून आपण सुटलेले आहोत, असं ते धरून चालले होते. आणि वाहवेची ही भूक मात्र इतकी वर्षं प्रभूच्याच नावानं, प्रभूच्याच अंगणात पोसली गेली होती. त्यांनी उपास केला. झांजा कडूच्या घरी देऊन टाकल्या. मग एका सकाळी चालत फोपनारला गेले.

निंबा मळ्यात केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होता. पलीकडच्या वाफ्यात मालूबाई नावाची मजूरबाई पाला गोळा करत होती. दादा बांधावर उभे राहिले आणि बोलू लागले. विश्वासानं सोपवलेलं मी बाजारात मांडलं, म्हणाले. तुझ्या जखमेचं मी वाद्य केलं, निंबा. तुझं रक्त आणि माझी वाहवा. शब्द आपोआप येत होते, जोडीजोडीनं, आणि प्रत्येक वाक्य थोडं उतरत्या सुरावर संपत होतं. मालूबाईचे हात थांबले. तिनं पदर डोळ्यांना लावला. दादांनी ते पाहिलं, आणि त्यांचा आवाज आपसूक आणखी खाली गेला.

ते मध्येच गप्प झाले.

निंबानं विळा खाली ठेवला. "दादा, हे बी कीर्तनच व्हऊन राह्यलं," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, तो थकलेला होता. "आयकायले बरं वाटते. तुम्ही मले म्हटलं व्हतं, सुटशीन. एकच सांगा. तुम्ही सुटले का?"

दादांच्या ओठावर दोन-तीन उत्तरं आली. सगळी सुंदर होती.

"नाही," ते म्हणाले.

निंबा म्हणाला, की तुम्हीच सुटले नही, तं मी कोनाच्या पाठीमांगं पान्यात उतरू? दादा म्हणाले, माझ्या पाठीमागे उतरू नकोस. आणखी काही त्यांना सांगायचं होतं. मी खोटा असलो तरी तो खोटा नाही, एवढंच. पण स्वतःच्या आवाजाची त्यांना भीती वाटली, आणि ते तसंच राहिलं. निंबानं विळा उचलला. रविवारी तापीवर मी येनार नही, म्हणाला, आणि पुढच्या केळीकडे सरकला.

परतीची वाट उन्हाची होती. गावाबाहेर पडताच दादांना जाणवलं, की आपल्या चालीला ठेका आला आहे. सुटलो नाही, सुटलो नाही, सोडवणाऱ्याच्या दारी. ओळ चांगली होती. अंगणात म्हटली तर कडेची माणसंसुद्धा रडतील, हे त्यांना तिथंच दिसलं. ते थांबले. प्रभू, माझा गळाच काढून घे, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि तीही ओळ साकीत बसली.

मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, तोंडावरून घट्ट गुंडाळलं आणि रस्त्याच्या कडेला धुळीत बसले. मनात शब्द आला की ते नाही म्हणून मान हलवत. ओळखीचा एक गाडीवान बैल थांबवून म्हणाला, दादा, बसा, बुऱ्हाणपूरलाच चाललो, वाटेत एखादं पद होऊ द्या. दादांनी हात जोडून त्याला पुढे जायची खूण केली. गाडीची धूळ खाली बसली तरी ते तसेच बसून होते.